चोविसावा खिळा

सोमवार, ३

एरवी माझ्या वहीत मशीनचे फिल्टर बदलल्याच्या आणि पाण्याची टाकी धुतल्याच्या तारखा असतात. ही वही वेगळी. अंगावर घेतलेलं काम मला झेपेल की नाही हे कुणाला विचारायची सोय नाही. विचारलं तर काढून घेतील. म्हणून वहीलाच विचारायचं.

आमच्या डायालिसिस केंद्रात सहा मशीन आहेत. रोज दोन शिफ्ट. निम्मी माणसं सोम-बुध-शुक्र येतात, निम्मी मंगळ-गुरु-शनि. म्हणजे जागा चोवीस, आणि सध्या माणसं तेवीस. किडन्यांनी हात टेकलेली ही माणसं चार-चार तास पडून रक्त धुऊन घेतात आणि दोन दिवसांची उधारी मिळवून घरी जातात. एक खेप चुकली की पाय सुजतात, दम लागतो. दोन चुकल्या तर काय होतं ते मी पाहिलंय.

कुणी कधी यायचं हे भिंतीवरचा फळा सांगतो. चोवीस खिळे, प्रत्येकावर पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर आणि नाव. तो फळा लावला तेव्हा मी इथे फरशी पुसायला होते. पुढे मशीन धुवायला लागले, मग उघडायला, मग दुरुस्त करायला. आता सगळे मला मावशी म्हणतात आणि मशीन रुसलं की मलाच हाक मारतात.

मागच्या महिन्यात मास्तरांचा, आमच्या एका निवृत्त शिक्षक पेशंटचा, बिल्ला कपाटामागे पडला. खिळ्यावर तो मीच अडकवला होता. अर्धवट अडकला असेल, हल्ली हातातून वस्तू निसटतात. बिल्ले बघूनच आदल्या दिवशी सगळ्यांना फोन जातो; बिल्ला नाही म्हणून त्यांना गेला नाही. मास्तरांना वाटलं मशीन बंद असेल. दोन दिवसांनी आले ते खुर्चीतून उचलूनच. वाचले. पण त्यांना आत नेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ती नजर अजून पाठ सोडत नाही.

तेव्हाच मी मॅडमना, म्हणजे केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना, म्हटलं, मी संगणकावर याचं काहीतरी करते. सहा वर्षं घरी बसून शिकतेय. आधी हिशेबाचे तक्ते, मग वेबपानं, मग डेटाबेस. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक तारखेला फळा उतरवू. पण सगळं तपासून बरोबर आहे अशी तुमची सही हवी. सही नाही तर फळा तसाच."

गुरुवार, ६

तक्ते मांडले. माणसांचा एक, मशीनचा एक, शिफ्टचा एक, रक्ताच्या तपासण्यांचा एक. एकातलं दुसऱ्यात पुन्हा लिहायचं नाही, नुसता दुवा ठेवायचा. आपण डब्यावर चिठ्ठी लावतो ना, "साखर वरच्या फळीवर", तसं. साखर एकाच जागी, चिठ्ठ्या हव्या तितक्या.

मग नियम घातले. एका मशीनवर एका वेळी एकच माणूस. कावीळवाले चौघे, लागण पसरू नये म्हणून, फक्त सहा नंबरवर. फळ्यावर हे नियम माझ्या डोक्यात असायचे, आता ते डेटाबेसच्या डोक्यात. मुद्दाम एका कावीळवाल्याला दोन नंबरवर घालून पाहिलं. डेटाबेसने साफ नकार दिला. पुन्हा घातलं, पुन्हा नकार. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. फळा कधी नाही म्हणत नसे.

मॅडमना विचारून आणखी एक नियम घातला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने न गाळलेली रक्तातली घाण, आणि पोटॅशियम अमुक आकड्यांच्या वर गेलं आणि त्या माणसाला जागा नसेल, तर ओळ तांबडी करायची आणि रिकामी जागा शोधून शेजारी लिहायची. सध्या रिकामी जागा एकच, मंगळ-गुरु-शनि, दुसरी शिफ्ट, चार नंबर. तिथे ज्या बाई यायच्या त्यांचा बिल्ला माझ्या कप्प्यात आहे. उतरवलेले बिल्ले मी टाकत नाही.

दिवसभर बसून पाय जड झाले. चपलेचा पट्टा रुततो. गुडघ्याची गोळी दोनदा घेतली. पाच वर्षं तीच घेतेय, आता ती नुसत्या शपथेपुरती लागू पडते.

मंगळवार, ११

मासिक रक्ततपासणीचा दिवस. शेजारची लॅब रोज निकालांची फाईल पाठवते, ती आपोआप आत यायला हवी. खऱ्या माणसांवर प्रयोग नको. खोटा माणूस घालावा तर त्याचं रक्त कुठून आणायचं? मनाने आकडे लिहिले तर मलाच हवे ते आकडे लिहीन, मग तपासणी कसली.

थोरल्या सिस्टरना म्हटलं, "माझं काढा."

"मावशी, सुई बघून तुम्ही तोंड फिरवता."

"दुसऱ्याच्या नाही फिरवत."

बाटलीवर एकतीस नंबरची चिठ्ठी. नावाच्या जागी मी लिहिलं, "चाचणी रुग्ण". ॲपमध्ये त्याच्यासमोर "चाचणी" अशी खूणही केली, म्हणजे ती ओळ फक्त मला दिसेल, मॅडमच्या यादीत उगाच मिसळणार नाही. लॅबवाल्याचा फोन आला, "मावशी, हा चाचणी रुग्ण कोण?" म्हटलं, "कुणी नाही रे, माझं ॲप तपासायला आहे. तू नेहमीच्या सगळ्या तपासण्या लाव."

शुक्रवार, १४

काहीतरी मोठं चुकलंय.

निकाल आले. तेवीस ओळी आल्या, चोविसावी माझी. ती तांबडी. क्रिएटिनिन सात पूर्णांक नऊ, धडधाकट माणसाचं एकच्या आसपास असतं; पोटॅशियम पाच पूर्णांक नऊ. शेजारी ॲपने शहाण्यासारखं लिहिलंय, "मशीन चार, मंगळ-गुरु-शनि, दुसरी शिफ्ट."

म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी आकडे माझ्या ओळीत येऊन बसले. मला माझी काळजी नाही. पण ज्याचे ते आकडे आहेत त्याच्या ओळीत कुणाचे गेले? एखाद्याचं पोटॅशियम वर गेलेलं असेल आणि त्याच्यासमोर चांगला आकडा दिसत असेल, तर तो हसत घरी जाईल आणि त्याचं हृदय वाटेत थांबेल. फळ्यावरून एक बिल्ला पडला होता. हे तर मी सगळे बिल्ले एकदम ढवळून टाकले की काय.

कुणाला बोलले नाही. जेवण गेलं नाही. तोंडात सारखी लोखंडी चव आहे, केंद्रातल्या पाण्याच्या नळ्या बदलायला झाल्यात बहुतेक.

शनिवार, १५

दुवे तपासले. पुन्हा तपासले. सगळं जिथल्या तिथे. डोक्याचा भुगा.

हे म्हणाले, "काय झालंय तुला?" म्हटलं, "संगणक." म्हणाले, "संगणक दिसत नाही मला, चेहरा दिसतो. सुजलाय." म्हटलं, "रात्री झोप नाही म्हणून." गप्प बसले. पस्तीस वर्षं हा माणूस गप्प बसण्यात तरबेज आहे.

सोमवार, १७

सापडलं. देवा, सापडलं.

रक्ताच्या तक्त्यात माणसाचं नाव नसतं, बाटलीचा नंबर असतो. बाटली कुणाची ते दुसऱ्या तक्त्यावरून कळतं. मी धरून चालले होते की एका नंबरची बाटली एकदाच. आज लॅबवाला सहज बोलून गेला की ते दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा एकपासून मोजतात. आणि मी प्रयोगासाठी मागच्या महिन्याची फाईलही आत घेतली होती. म्हणजे एकतीस नंबरच्या बाटल्या दोन झाल्या. मागच्या महिन्याची एकतीस मास्तरांची, या महिन्याची माझी.

चूक त्यांची नाही. वर्षानुवर्षं ते तसंच मोजतात. विचारायचं मला सुचलं नाही. आता नंबराला महिना आणि वर्ष जोडलं आणि नियमच घातला की हे तिन्ही मिळून दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. जुनं सगळं पुसलं. उद्या फाईल नव्याने आत घेईन.

एक बारीकसं खटकलं. मास्तरांचा मागच्या महिन्याचा आकडा नऊच्या पुढे होता, माझ्या ओळीत सात पूर्णांक नऊ. पण एकदा गुंता झाला की कुठला धागा कुठे जातो कोण सांगणार. असो.

घरी आले तर यांनी माझ्यासाठी चपला आणलेल्या. एक नंबर मोठ्या. माप म्हणून लक्षात राहत नाही या माणसाचं. बदलून आणायला सांगणार होते, पण पाय सुखाने आत गेला, म्हणून राहू दिल्या.

बुधवार, १९

काल संध्याकाळी फाईल आत घेतली. तेवीस ओळी बरोबर. मास्तरांचा आकडा त्यांच्याकडे परत गेला.

चोविसावी ओळ तांबडीच. सात पूर्णांक नऊ.

म्हणजे आणखी एक चूक शिल्लक आहे आणि ती या चुकीपेक्षा हुशार आहे.

शनिवार, २२

ॲपवर विश्वास नाही म्हणून लॅबमधून छापील कागद मागवले. सिस्टर कागद वाचत होत्या, मी पडद्यावर बोट ठेवत होते. तेवीसच्या तेवीस जुळले. मग माझा कागद मीच उघडला. सात पूर्णांक नऊ. पाच पूर्णांक नऊ.

"जुळला का?" सिस्टरांनी विचारलं.

"तो नुसता चाचणीचा आहे," म्हटलं, आणि कागद पर्समध्ये घातला.

म्हणजे ॲपची चूक नाही. लॅबचं मशीन बिघडलंय. लॅबवाल्याला तसं म्हटलं तर बिचारा घाबरला, त्याने तपासून पाहिलं, ठीक आहे म्हणाला. मग बाटली बदलली असेल. मग सिस्टरांनी चिठ्ठी चुकीची लावली असेल. मी सिस्टरांवर संशय घ्यायला लागले. अठरा वर्षांत ज्यांची एक चिठ्ठी चुकली नाही त्यांच्यावर.

जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. अंगाला खाज सुटते, साबण बदलला पाहिजे.

मंगळवार, २५

मॅडमनी बोलावलं. "मावशी, सही?"

"एक ओळ चुकतेय."

"कुणाची?"

"चाचणीची. खऱ्या माणसाची नाही."

"मग अडलंय कुठे?"

"मॅडम, आज चाचणीचं चुकतंय, उद्या मास्तरांचं चुकेल. मी सही करणार नाही."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत. नंतर मी बाहेरचा माणूस बोलावते." त्यांचंही बरोबर आहे. फळ्यावरचा तो रिकामा खिळा परवापासून हलायला लागलाय, दुसरा कधी निखळेल सांगता येत नाही.

दुपारी मास्तरांना मशीन लावलं. गडी खुशीत होता.

"मावशी, तुमचा संगणक मला ओळखतो का?"

"तुमच्या रक्तासकट."

"मग त्याला सांगा, वर्गात शेवटच्या बाकावर बसवू नको. खिडकीजवळची जागा दे."

"जागा मी ठरवत नाही, नियम ठरवतात."

"हे वाक्य मी मुलांना तीस वर्षं ऐकवलं. ऐकायला इतकं वाईट लागतं हे आज कळलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "रागावू नका, एक विचारतो. तोंडाला कशी चव आहे हल्ली? स्टीलचा चमचा चोखत बसल्यासारखी?"

"पाण्याच्या नळ्या जुन्या झाल्यात."

"हं," ते म्हणाले. "माझ्याही नळ्याच जुन्या झाल्या होत्या. चार महिने मीही तेच म्हणत होतो."

मी त्यांचा पाय बघायला वाकले, सूज किती ते पाहायला. मला त्यांचा राग आला. कशाचा आला ते लिहिता येत नाही.

गुरुवार, २७

सकाळी सिस्टर माझ्या टेबलापाशी आल्या, उभ्याच राहिल्या.

"मावशी, शनिवारी किती कागद जुळले?"

"तेवीस."

"आणि चोविसावा?"

"तो तसा जुळतो. पण आकडाच चुकीचा आहे."

"पडद्यावर जो, कागदावर तोच?"

"हो."

"मग चुकलं काय?"

तेरा दिवस मी प्रत्येक तक्ता तपासला, प्रत्येक दुवा, लॅबचं मशीन, लॅबवाला, या उभ्या असलेल्या सिस्टर. एकच गोष्ट तपासायची राहिली होती, आणि ती मोठ्या मापाच्या चपलेत टेबलाखाली होती.

सिस्टर गेल्या नाहीत. मी खुर्चीतच वाकले आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. रोज वीस-वीस पायांवर दाबते तसा. दहा मोजले, अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला. त्यात वाटाणा राहिला असता.

खाज, चव, दम, जेवणावरची वासना उडणं, हातातून निसटणारे बिल्ले. दुसऱ्या कुणी दारातून हे सांगत आत आलं असतं तर मी खुर्चीही न देता मॅडमच्या खोलीत पिटाळलं असतं. आणि त्या गुडघ्याच्या गोळ्या. मास्तरांना मी किती वेळा दरडावलंय, दुखण्याच्या गोळ्या रोज घेऊ नका, किडनी जाते म्हणून.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडमना बोलावू?"

"थांबा," म्हटलं. "आधी एक काम आहे."

पडद्यावर चोविसावी ओळ उघडली. "चाचणी रुग्ण" खोडून माझं नाव लिहिलं. मग "चाचणी" ही खूण काढली. बस. पुढच्या क्षणी ती ओळ मॅडमच्या खोलीतल्या पडद्यावर तांबडी झाली असणार, कारण त्यांच्या खुर्चीचा आवाज मला इथे ऐकू आला. त्या चालत नाही आल्या, पळत आल्या.

पुन्हा रक्त काढलं. या वेळी निकाल लगेच आला. पोटॅशियम सहाच्या पुढे. मॅडम म्हणाल्या, आजच. गळ्यापाशी तात्पुरती नळी घातली. मी तोंड फिरवलं.

सही त्याआधी केली. मॅडम म्हणत होत्या, "अहो, ते राहू दे आता." म्हटलं, "नाही. बरोबर आहे ते. चोवीसच्या चोवीस." सही जरा वाकडी आली.

शुक्रवार, २८

काल दुसरी शिफ्ट, चार नंबर. ॲपने चौदा तारखेला सांगितलं होतं तिथेच.

वीस वर्षं या मशीनच्या मागे राहिले, पुढून कधी पाहिलं नव्हतं. पडल्या पडल्या समोर फळाच दिसतो. हे कुणी मला सांगितलं नाही. तेवीस माणसं चार तास आपलाच बिल्ला बघत पडलेली असतात, आणि शेजारचा एखादा उतरला तर तेही बघतात. मी शिडीवर चढून बिल्ले उतरवायचे तेव्हा माझ्या पाठीमागे खोली का गप्प होते ते मला कधी कळलं नव्हतं.

भीती वाटली. लिहून ठेवते, वाटली. मॅडम म्हणतात काही वेळा किडन्या थोड्या सावरतात, काही वेळा नाही. आकड्यांवरून मला कुठलं ते कळतं. त्यांना ते बोलू दिलं.

हे बाजूला स्टुलावर बसले होते. रक्त नळीतून जाताना बघून पांढरेफटक पडले, पण उठले नाहीत. मी विचारलं, "अहो, चपलांचं माप कधी लक्षात आलं तुमच्या?"

"बोटाला रुतते म्हणून तू अंगठी काढून डब्यात टाकलीस त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्या पांघरुणाची घडी सारखी केली. "रोज हेच बघणारी तू," म्हणाले. "म्हटलं, तुला माहीत असेल. मला घाबरवायला नको म्हणून सांगत नसशील."



सोमवार, १

फळा उतरला. सिस्टरांनी बिल्ले ज्याचे त्याला हातात दिले. कुणी पाकिटात ठेवले, एकाने किल्ल्यांना लावला. मी आज घरी असायला हवं होतं, पण फळा माझ्यामागे उतरला असता तर मला चाललं नसतं.

मास्तरांचा वार नसताना ते आले. खिशातून पत्र्याचा नवा बिल्ला काढला. चोवीस नंबर, खाली माझं नाव, अक्षर फळ्यावर लिहावं तसं वळणदार.

"फळा तर गेला मास्तर, आता हा लावू कुठे?"

"लावायचा नाही. संगणकाने विचारलं ही कोण, तर दाखवायचा." मग म्हणाले, "खिडकीजवळची जागा मिळाली तुम्हाला. वशिला."

"नियम," म्हटलं.

उद्या मंगळवार. पहाटे लवकर जाईन. चार नंबरचा पंप परवा सारखा कुरकुरत होता, महिनाभर उद्या बघू म्हणत टाळलं मी. चार तास तो आवाज कानाशी घेऊन पडायचं म्हणजे काय ते आता कळलं. आधी त्याला तेल, मग मी.